शेपटी मोजा, मग सापळा घ्या

वाळवंटातल्या उंदरांवर काम सुरू करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शर्मन सापळा नऊ इंची घ्यायचा की बारा इंची? माझं उत्तर बारा इंची. तो वाहून न्यायला जड जातो, पोत्यात कमी मावतो आणि पेरायला वेळही जास्त खातो. तरी मी तोच घ्यायला सांगेन, आणि हे परीक्षण मुख्यतः त्याचं कारण सांगण्यासाठी आहे.

ज्यांनी हा सापळा हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. फ्लोरिडातले प्राणिशास्त्रज्ञ एच. बी. शर्मन यांनी १९२०च्या दशकात हा जिवंत पकडणारा सापळा तयार केला. पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्याची लांबट पेटी, पुढे स्प्रिंगवर उचललं जाणारं दार, आत पायाखाली दबणारी एक पट्टी. तिला सगळे ट्रेडल म्हणतात. पुढचं दार खाली दाबून जमिनीसारखं सपाट ठेवायचं, ते ट्रेडलच्या टोकाशी एका छोट्या जिभेत अडकतं. प्राणी आत चालत गेला, ट्रेडलवर वजन पडलं, की जीभ सुटते आणि दार मागून वर येऊन बंद होतं. एवढंच यंत्र आहे. बॅटरी नाही, दोरी नाही, प्राण्याला इजा करणारा जबडा नाही. घडीचा प्रकार दाबला की चपटा होतो आणि एका खोक्यात भरपूर मावतात. आता हा नमुना ठिकठिकाणी बनतो. माझ्या संचात वेगवेगळ्या कारखान्यांचे सापळे आहेत, त्यामुळे मी बोलतेय ते नमुन्याबद्दल, एखाद्या दुकानाबद्दल नाही.

सगळ्यात जास्त खपणारं माप म्हणजे साधारण ७.६ बाय ८.९ बाय २२.९ सेंटिमीटर, तेच आपलं नऊ इंची. शेतातल्या, कुरणातल्या उंदरांना ते पुरतं. वाळवंटात मात्र गाठ पडते ती उड्या मारणाऱ्या, लांब शेपटीच्या प्राण्यांशी. मेरियमचा कांगारू उंदीर घ्या. वजन जेमतेम चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम, पण नाकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंतची लांबी २५ सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि त्यातली निम्म्याहून जास्त शेपटीच असते. तो ट्रेडलवर उभा राहतो तेव्हा त्याचं धड आत असतं आणि शेपटी उंबऱ्यावर. दार येतं ते थेट शेपटीवर. टोकाची कातडी सोलली जाते, कधी मणकाही मोडतो. या प्राण्याला शेपटी तोल सांभाळायला लागते. उडी मारताना, हवेतच वळताना, सापाच्या झडपेतून निसटताना ती त्याचं सुकाणू असते. एका रात्रीच्या नोंदीपायी ती गमावायला लावणं मला मान्य नाही. बारा इंची सापळ्यात ट्रेडल दारापासून पुरेसं आत असतं, शेपटी प्राण्याबरोबर आत येते आणि दार मोकळ्या जागेत बंद होतं. काही जण नऊ इंची सापळ्याच्या दाराची वरची कड कापून फट ठेवतात. तोही उपाय चालतो, पण फट नीट घासली नाही तर तिची धारच लागते, आणि सातआठ ग्रॅमचा पॉकेट माऊस अशा फटीतून नाक घालून दार उचकटत राहतो.

दुसरी गोष्ट ट्रेडलची, आणि इथे मला जरा थांबायचंय, कारण सापळा चांगला की वाईट हे इथे ठरतं.

नवा सापळा खोक्यातून काढून थेट जमिनीवर ठेवू नका. दार अडकवणारी जीभ किती खोल बसलीय ते प्रत्येक सापळ्यात वेगळं असतं. जास्त खोल असेल तर मोठा बॅनरटेल कांगारू उंदीर, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपासचा गडी, दार पाडतो, पण सात ग्रॅमचा रेशमी पॉकेट माऊस आत येऊन, पोटभर बी खाऊन, ट्रेडलवर नाचून निघून जातो. उथळ असेल तर वाऱ्यानेच दार पडतं. मी सापळा लावते, तो हातात धरते आणि बाजूच्या पत्र्यावर टिचकी मारते. हलक्या टिचकीने पडला नाही तर जीभ जराशी बाहेर घेते. सापळा जमिनीवर टेकवतानाच पडला तर आत ढकलते. शंभर सापळ्यांची ही तपासणी कंटाळवाणी आहे आणि दर मोसमाला पुन्हा करावी लागते, कारण दळणवळणात पत्रा वाकतो. पण ती टाळली तर तुमच्या वहीत छोटे प्राणी कमी दिसतील, आणि तुम्ही समजाल की तिथे ते कमीच आहेत. ही चूक आकडे बघून कधीच उमगत नाही. म्हणून सापळा विकत घेताना मी सगळ्यात आधी ही जीभ बोटाने हलवून बघते. ती सहज सरकून जागेवर टिकली पाहिजे. ताठ, पक्की ठोकलेली जीभ असलेला सापळा कितीही चकचकीत असला तरी नको.

ट्रेडलचे दोन वैरी आहेत, वाळू आणि बी. बारीक वाळू बिजागरीत शिरते, ती फुंकून किंवा रंगाच्या जुन्या ब्रशने काढावी लागते. तेल अजिबात घालू नका, तेलाला वाळू चिकटते आणि सकाळपर्यंत खळ तयार होते. बियांचा त्रास जास्त फसवा. आमिष म्हणून बाजरीसारखं बारीक धान्य मूठभर आत टाकतात आणि त्यातलं काही ट्रेडलखाली घरंगळतं. मग ट्रेडल दाबलंच जात नाही. सकाळी सापळा उघडाच, आतलं धान्य गायब, मागे फक्त लेंड्या. यावर उपाय म्हणजे सापळा मागच्या टोकावर उभा करून धान्य टाकायचं, ते मागच्या दाराशी जमू द्यायचं आणि मग हळूच आडवा ठेवायचा. पीनट बटरचा गोळा काही जण वापरतात. वाळवंटात मी त्याच्या विरोधात आहे. त्याला मुंग्या लागतात, तो प्राण्याच्या फरला चिकटतो आणि पत्र्यावर वाळतो तो निघत नाही.

मुंग्यांचं म्हणाल तर वारुळापासून दूर सापळा लावणं हा एकच खात्रीचा मार्ग. बंद पेटीत अडकलेल्या प्राण्याला पळायला जागा नसते, आणि चावऱ्या जातीच्या मुंग्या त्याला मारू शकतात. खांबाचं, म्हणजे सापळ्याची जागा दाखवणाऱ्या खुंटीचं, ठिकाण आराखड्यात ठरलेलं असलं तरी सापळा मीटरभर सरकवायला हरकत नाही. तसं वहीत लिहा म्हणजे झालं.

आता उन्हाचं. या सापळ्याची सगळ्यात मोठी उणीव हीच, आणि ती कुठल्याही कारखान्याला सुधारता येणार नाही, कारण ती धातूचीच आहे. उन्हं वर आल्यावर अॅल्युमिनियमची बंद पेटी बघता बघता भट्टी होते. निशाचर प्राण्यांसाठी सापळे संध्याकाळी उघडायचे आणि उजाडायच्या सुमारास फेरी सुरू करायची, यात सवलत नाही. जितके सापळे सूर्य तापायच्या आत तपासून बंद करता येतील तितकेच लावायचे. माणसं कमी असतील तर सापळे कमी. पहाटेची थंडीही तेवढीच खरी आहे. वाळवंटातली रात्र उघड्या आकाशाखाली झपाट्याने निवते आणि पत्रा अंगातली ऊब ओढून घेतो. थंडीच्या दिवसांत प्रत्येक सापळ्यात पॉलिएस्टरच्या कापसाचा बोळा टाकते. साधा कापूस मुतामुळे ओला होऊन गार पडतो, हा पडत नाही. वर सपाट दगड किंवा फळी ठेवली की वाऱ्याचा मार कमी होतो आणि सकाळची पहिली तिरीपही अडते.

एक गोष्ट नव्या मुलांना आधीच सांगून ठेवावी लागते. थंड सकाळी पॉकेट माऊस कधीकधी गार, लुळा, मेल्यासारखा सापडतो. घाईने ‘मृत’ लिहू नका. हे प्राणी थंडीत किंवा उपाशी राहिले तर शरीराचं तापमान उतरवून सुप्त होतात. तळव्यांत धरून ऊब दिली की आधी मिशा हलतात, मग थरथर सुरू होते. पूर्ण जागा होऊन आपल्या पायांवर उभा राहिल्याशिवाय त्याला सोडायचं नाही.

सापळ्यातून प्राणी काढण्यासाठी हा नमुना उत्तम आहे. पुढच्या तोंडावर पिशवी गच्च धरायची, दार आत दाबायचं आणि सापळा उलटा करून एकच हिसका द्यायचा. मग पिशवीवरूनच मानेमागची सैल कातडी चिमटीत घ्यायची. शेपटी धरून कधीच उचलायचं नाही. जर्बिल (लांब शेपटीचे वाळवंटी उंदीर) आणि कांगारू उंदरांच्या शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून हातात येते, आणि त्या शेपटीचा उरलेला भाग पुढे वाळून गळतो. पिल्लांना पाजणारी मादी असेल, तिच्या स्तनांभोवतीचे केस झडलेले दिसतात, तर रांग मोडून तिचं काम आधी करायचं. बिळात पिल्लं असतात.

हातात प्राणी आला की पहिला प्रश्न जातीचा. इथे चेहऱ्यावर विसंबू नका, मागचा पाय बघा. मेरियमच्या कांगारू उंदराच्या मागच्या पायाला चार बोटं, ऑर्डच्या कांगारू उंदराला पाच. पाचवं बोट इतकं बारीक आणि वर असतं की फर मागे सारल्याशिवाय दिसत नाही. दोघंही एकाच ठिकाणी, एकाच रंगाचे, वजनांतही फारसा फरक नाही. बॅनरटेल ओळखायला सोपा, शेपटीचं टोक पांढरंशुभ्र. पायाचं माप टाचेपासून सर्वांत लांब बोटाच्या टोकापर्यंत घेतात. नख धरायचं की नाही हे पहिल्या दिवशी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर दोन माणसांची दोन मापं होतात आणि पुढच्याला ती कधीच जुळवता येत नाहीत.

वजनासाठी पेसोलाचा स्प्रिंगचा काटा. स्विस बनावटीचा, नळीसारखा, वर शून्य जुळवायचा स्क्रू. शंभर ग्रॅमचा एक आणि मोठ्यांसाठी तीनशेचा एक असले की पुरे. पिशवीसकट तोलायचं, रिकामी पिशवी वजा करायची, आणि पिशवी दर काही प्राण्यांनंतर पुन्हा तोलायची, कारण ती ओली होत जाते. वाऱ्यात काटा डोलतो, अंगाचा आडोसा करावा लागतो. डिजिटल काट्यापेक्षा मला हाच बरा वाटतो. काटा स्थिर होतो तो क्षण डोळ्यांना दिसतो. आणखी एक, कांगारू उंदीर आणि पॉकेट माऊस यांच्या गालांना बाहेरून उघडणाऱ्या, आतून केसाळ थैल्या असतात. सापळ्यातलं तुमचंच धान्य त्यांनी रात्रभर त्यांत कोंबलेलं असतं. ते न काढता घेतलेलं वजन प्राण्याचं नसतं. पिशवीत थोडं चुळबुळल्यावर बहुतेक प्राणी धान्य टाकून देतात. नाही टाकलं तर शेऱ्यात ‘गाल भरलेले’ लिहायचं.

खुणेसाठी पिट टॅग म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, आत बॅटरी नसलेली चिप, खांद्यांमध्ये कातडीखाली घालायची. वाचक यंत्र जवळ नेलं की क्रमांक दिसतो. बारा मिलिमीटरची नेहमीची नळी सात ग्रॅमच्या प्राण्याला मोठी होते, त्यांच्यासाठी आठ मिलिमीटरची मिळते ती घ्या. कानातले धातूचे बिल्ले स्वस्त, पण फाटून पडतात, आणि बिल्ला पडलेला जुना प्राणी वहीत नवा म्हणून येतो. पूर्वी बोटाचं टोक कापून खूण करत, ते आता बहुतेकांनी सोडलंय.

वहीबद्दल मी हट्टी आहे. जलरोधक कागद, पेन्सिल, आणि सगळ्यांना एकच छापील तक्ता: तारीख, चौक (आखलेला चौकोनी तुकडा), खांब, जात, लिंग, प्रजननाची अवस्था, मागचा पाय, वजन, खुणेचा क्रमांक, नवा की पुन्हा आलेला, शेरा. एकाने प्राणी धरायचा, दुसऱ्याने लिहायचं, आणि लिहिणाऱ्याने प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणून दाखवायचा. फोनवर थेट भरायला माझी ना नाही, पण हातमोज्यांत आणि धुळीत पडद्यावरचं बोट चुकतं, म्हणून कागद आधी.

ही चिकाटी कशासाठी ते अमेरिकेतल्या अॅरिझोनात पोर्टल गावाजवळ वाळवंटी उंदरांवर चाललेलं काम बघितलं की कळतं. परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स ब्राउन यांनी १९७७मध्ये तिथे ५० मीटर बाजूचे २४ चौक आखले. प्रत्येकात सात बाय सात, म्हणजे ४९ सापळे, दर महिन्याला अमावस्येच्या आसपास. अमावस्या यासाठी की चांदण्यात घुबडांच्या भीतीने उंदीर उघड्यावर कमी येतात. काही चौकांच्या कुंपणांना इतकी लहान दारं ठेवली की छोटे उंदीर आत-बाहेर करतील, कांगारू उंदीर नाही. पुढे त्या चौकांत बी खाणारे छोटे उंदीर वाढले, आणि कांगारू उंदीर काढल्यावर बारा वर्षांनी झुडपी जमिनीवर उंच गवत वाढल्याचं १९९०मध्ये प्रसिद्ध झालं. ही माहिती सर्वांना खुली आहे, आणि जगभर संगणकावर विदा (डेटा) हाताळायला शिकणारे असंख्य विद्यार्थी याच तक्त्यातल्या वजनांवर आणि पायांच्या मापांवर हात बसवतात. त्यात रिकाम्या चौकटीही आहेत. ज्याने प्राणी धरलाय त्याला ठाऊक असतं की माप घेण्याआधी प्राणी निसटला तर चौकट रिकामीच ठेवायची, अंदाजाने भरायची नाही.

नुसते पकडलेले प्राणी मोजून भागत नाही, सापळ्यांची हालतही लिहावी लागते. बंद पण रिकामा, उघडा पण आमिष गेलेलं, उलटा पडलेला, कोल्ह्याने चेपलेला. पडलेला रिकामा सापळा रात्रीत कधी पडला ते आपल्याला कळत नाही, म्हणून हिशेबात तो अर्धा धरायची पद्धत आहे. ४९ पैकी सहा तसे निघाले तर त्या रात्रीचे प्रयत्न, म्हणजे हिशेबात धरलेले सापळे, ४६. हे न करता दोन जागांची तुलना केली तर जिथे वारा जास्त तिथे उंदीर कमी असा निष्कर्ष निघेल.

धुण्याच्या बाबतीत अॅल्युमिनियम सोयीचं आहे. १९९३मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात हंताव्हायरसमुळे माणसं दगावली आणि तो डिअर माऊस या तिथल्या उंदराच्या मलमूत्रातून पसरतो हे लक्षात आलं. तेव्हापासून हातमोजे, मोकळ्या हवेत काम आणि सापळ्यांचं निर्जंतुकीकरण याबाबत हयगय करू नये. उघड्या पिशवीत नाक घालायचं नाही, वाळलेल्या लेंड्या झाडायच्या नाहीत, आधी भिजवायच्या. ब्लीचचं पाणी चालतं, पण लगेच साध्या पाण्याने खळखळून धुवा, नाहीतर पत्रा खाल्ला जातो आणि ट्रेडलची बिजागरी अडते.

सगळीकडे हाच सापळा चालेल असं मात्र नाही. जर्बोआ, म्हणजे लांब मागच्या पायांवर उड्या मारणारे छोटे प्राणी, यात फार क्वचित येतात. त्यांना रात्री दिव्याच्या उजेडात जाळीने पकडावं लागतं. जाडा सॅंड रॅट हा वाळवंटी उंदीर खारट पानं खातो, धान्याकडे ढुंकून बघत नाही. आणि भारतीय वाळवंटी जर्बिल दिवसा वावरतो, तेव्हा बंद पत्र्याची पेटी त्याच्यासाठी लावूच नये. दिवसाच्या कामाला तारेच्या जाळीचा पिंजरा घ्या, वर सावली करा, आणि फेऱ्या तासाच्या आत करा. जाळीतून धान्य सांडतं आणि नाक घासून प्राण्यांना खरचटतं, तरी तिथे हवा खेळती असते. लाँगवर्थ सापळा, चिटी आणि केम्पसन यांनी १९४९मध्ये मांडलेला, त्यात निजायची वेगळी पेटी असते आणि गार, ओल्या प्रदेशात तो या सगळ्यांपेक्षा प्राण्याला सुखाचा. पण त्याचा बोगदा मोठ्या जर्बिलला अरुंद होतो.

घडीचा घ्यायचा की बिनघडीचा? पायी जायचं असेल तर घडीचा. गाडी खांबापर्यंत जात असेल तर बिनघडीचा, कारण घडीच्या सापळ्याचे चारही कोन कालांतराने सैल होतात आणि दार तिरकं बसायला लागतं. जस्ताच्या मुलाम्याचे लोखंडी सापळे कोल्ह्यांचा भाग असेल तिथेच घ्या, एरवी वजन नकोसं होतं. गरजेपेक्षा दहाव्या हिश्शाने जास्त मागवा, सुट्या स्प्रिंगा त्याच खेपेत घ्या, आणि प्रत्येक सापळ्यावर क्रमांक कोरून घ्या. रंगाने लिहिलेला एका मोसमात जातो, आणि कुठला सापळा वारंवार रिकामा पडतो ते क्रमांकाशिवाय शोधता येत नाही.